जाळ्याला ठेवलेले दार

“थोरले भाऊ विणीत इतके निष्णात, की आरमोरीच्या बाजारातही त्यांच्या जाळ्याला तोड नव्हती. परंतु परदेशी गेलेल्या धाकट्या भावाच्या नावाचे जाळे विणताना त्यांचे डोळे भरून येत आणि दर वेळी एका जागी वीण चुकत असे. मास्तर मात्र, ज्या मुलखात मासा मारणे हेच पाप, तिथे सुखाने गणित शिकवत होते आणि सुट्टी लागली की ब्रह्मदेश, कंबोडिया, श्रीलंका पाहत हिंडत होते. त्या जाळ्यातले भोक म्हणजे थोरल्या भावाच्या मायेची खूण होती.”

गेल्या दिवाळीत याच मासिकाच्या अंकात हे छापून आले. लिहिणारे वासुदेवराव माझे वर्गमित्र. ऊर्जानगरातली वीजकेंद्राची नोकरी संपवून ते गावी परतले आणि लिहू लागले. लेखातला मास्तर तो मी; माझा थोरला भाऊ त्या पावसाळ्यात वारला होता. त्याच्यावर कोणी चार बरे शब्द लिहावेत याचा मला आनंदच होता. परंतु वासुदेवरावांची भाषा जितकी गोड, तितकी त्यांची माहिती कच्ची. लेख वाचून गावातल्या बायका रडल्या, आणि वैशाखात त्याच लेखाच्या आधारे तळ्यावरचे माझे नाव पुकारायचे बंद झाले.

बाहेरच्या वाचकांसाठी हे नाव पुकारणे काय असते ते सांगितले पाहिजे. आमचे गाव आरमोरीच्या बाजूचे, धानाचे आणि तळ्याचे. आम्ही ढिवर, तळ्यातली मासळी हा आमचा पिढीजात धंदा. वैशाखात पाणी गुडघ्याला लागले, की एका सकाळी सगळी घरे मिळून मासे धरतात. पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, उभा राहून मच्छीमार संस्थेचा सभापती एकेका घराचे नाव पुकारतो, आणि त्या घराचे फेकजाळे पाण्यात पडते. घरचा माणूस दूर असला तर भाऊबंदांपैकी कोणीही त्याचे जाळे टाकू शकतो. अट एकच: जाळे ज्याच्या नावाचे, त्याच्याच हातचे विणलेले हवे. दुसऱ्याच्या हातचे जाळे म्हणजे दुसऱ्याचेच घर. वडिलांच्या मागे आम्हा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, म्हणून आमची नावेही दोन. मी दूर असता भाऊ आधी स्वतःचे जाळे टाकी, मग माझे.

तेव्हा वासुदेवरावांचे म्हणणे खरे मानले, तर मी परदेशी गेलो त्याच वर्षी तळ्यावरून माझे नाव पुसले गेले होते आणि भाऊ गावाला फसवत होता. वासुदेवरावांना हा अर्थ अभिप्रेत नसेल. शब्दांच्या भरात माणसाला आपण काय लिहितो याचे भान राहत नाही. मी गणिताचा शिक्षक आहे. विधानावरून निष्कर्ष काढण्याची मला सवय आहे.

मी भूतानात शिकवले. एका उंच दरीतल्या सरकारी शाळेत, जिथे सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मुलांच्या तोंडातून निघणारी वाफ आणि डोंगरावरून उतरणारे धुके यांतला फरक कळत नसे. तिथली मुले शिक्षकाला ‘लोपेन’ म्हणतात. गुडघ्यापर्यंतचा घो नेसलेले मुलगे आणि पायघोळ किरा नेसलेल्या मुली लाकडी बाकांवर दाटीने बसत. कोपऱ्यात बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी, धुमसत असे, आणि मी फळ्यावर समीकरणे लिहीत असे. मी डावरा आहे. पहिल्या दिवशी मी डाव्या हातात खडू धरला तेव्हा मागच्या बाकावर खसखस पिकली. गावी लहानपणी मला डावऱ्याच म्हणत, त्यामुळे मला घरच्यासारखेच वाटले.

परदेशातल्या शिक्षकाचे काम लोकांना वाटते तसे नसते. गणित सगळीकडे तेच. उदाहरणे मात्र त्या त्या मातीत रुजावी लागतात. आगगाडी न पाहिलेल्या मुलांना दोन गाड्या समोरासमोर कधी येतील हे विचारून उपयोग नाही. मी गाड्यांच्या जागी याक घातले. याक मध्येच थांबून चरेल, म्हणून उत्तर काढता येत नाही, असे एका मुलाने लिहिले. त्याला मी पूर्ण गुण दिले, आणि मुख्याध्यापकांशी त्यावरून वादही घातला.

त्या दरीतून एक नदी वाहत असे, इतकी नितळ की पुलावर उभे राहिले की माशांच्या सावल्याही तळाच्या गोट्यांवर सरकताना दिसत. हातभर लांबीचे मासे, माणसाला न भिणारे. शाळेतून परतणारी मुले त्यांना भाकरीचे तुकडे टाकत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर जाळे पडले नाही असे मासे मी आधी कधी पाहिले नव्हते. मी त्या पुलावर कितीदा उभा राहिलो असेन. पाण्याकडे बघता बघता खालचे निळे पाणी हळूहळू गढूळ, कोमट, कमळाच्या पानांनी झाकलेले होई. पलीकडच्या काठावर पाळीवरची मोहाची झाडे दिसू लागत, आणि भाऊ जाळे खांद्यावर टाकून पाण्यात शिरताना दिसे. मग कोणीतरी मूल हाक मारी, “लोपेन!” आणि नदी पुन्हा नदी होई.

एका चाचणीत पुस्तकातलेच उदाहरण मी दिले होते: एक कोळी रोज इतके मासे धरतो, तर आठवड्यात किती? पेमा नावाच्या माझ्या सर्वांत हुशार मुलीने उत्तराची जागा कोरी सोडली.

“का गं सोडलेस?” मी विचारले.

“पहिल्या दिवशी धरले तेव्हाच त्याला कोणीतरी समजवायला हवे होते, सर. मग गुणाकार करावाच लागला नसता.”

वर्ग हसला. मी खडू खाली ठेवला. “तो कोळी माझा बाप होता,” मी म्हणालो. “त्याने धरलेल्या माशांवर मी शिकलो, म्हणून आज तुला शिकवतो आहे.”

कोणाच्या चेहऱ्यावर राग किंवा किळस नव्हती. एखाद्या दूरच्या, दुःखी देशाची गोष्ट ऐकावी तशी ती मुले माझ्याकडे पाहत होती. वासुदेवरावांनी लेखात पुढे लिहिले आहे की मी तिथे धंदा लपवून सुखाने राहिलो. माझ्या वर्गातली ती मुले आज मोठी झाली आहेत. त्यांतल्या कोणालाही विचारावे.

मी पेमाच्याच घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत असे. छपरावर लाल मिरच्या वाळत, आणि ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या प्रार्थनाचक्राची घंटा दिवसभर ऐकू येई. खाली तिची आजी असे. तिला सगळे ‘आंगे’, म्हणजे आजी, म्हणत, मीही म्हणे. तरुणपणी सरहद्दीवरच्या बाजारात संत्री विकल्यामुळे तिला हिंदी येत होते. पेमाने घरी काय सांगितले ते मला ठाऊक नाही, पण पुढच्याच रविवारी दुपारी आंगे लोणी घातलेल्या चहाचा पेला घेऊन जिना चढून आली. मी खिडकीपाशी बसलो होतो. गजाला बांधलेली दोरी, हातात बांबूची सुई, मांडीवर पसरलेले अर्धे जाळे.

“लोपेन, ये क्या बुनते हो?”

“जाल, आंगे.”

तिने पेला खाली ठेवला आणि जाळ्याला हात न लावता त्याच्याभोवती एक फेरी मारली. “हमारे पानी में डालेगा?”

“कधीच नाही,” मी तिला सांगितले. “माझ्या गावच्या तळ्यासाठी आहे. तिथे माझा भाऊ टाकेल.”

“बुनना छोड़ेगा?”

“नाही.”

माझ्या आवाजात थोडी धार आली असावी. कोणी माझ्या बापाच्या धंद्यावर बोलले की ती येते. तिला वयाचा इलाज नाही. आंगे मात्र रागावली नाही. ती खिडकीत बसून राहिली. बाहेर भुरभुर हिम पडू लागले होते, ओढ्यावरची घंटा वाजत होती, आणि मी गाठीमागून गाठ मारत होतो. फार वेळाने ती म्हणाली, “तो एक दरवाज़ा रखो.”

“दार? जाळ्याला?”

“इतना.” तिने मूठ वळून दाखवली. “सब मछली को नहीं मिलेगा। जिसको मिलेगा, वो जाएगा।”

“आंगे, माझे लोक हसतील.”

“हँसने दो। हँसने से कौन मरता है?”

मी ते दार ठेवले. तिच्या शब्दाखातर ठेवले, पुण्याच्या लोभाने नव्हे. मी बुद्धाच्या मार्गाला लागलो असेही वासुदेवरावांनी सुचवले आहे. तो मान माझा नाही. पुढे जितकी जाळी मी त्या खिडकीत विणली, त्या प्रत्येकात शेंड्यापासून हातभर खाली एक मूठभर दार आहे.

आता माझ्या हिंडण्याविषयी. तिथल्या शाळांना मोठी सुट्टी हिवाळ्यात असते. वैशाखात आमच्या तळ्यावर जाळी पडतात तेव्हा माझे वर्ग ऐन भरात असत, म्हणून मी तेव्हा येऊ शकत नसे. माझी सुट्टी वैशाखातच असे ही समजूत कोणी पसरवली मला ठाऊक नाही, पण ती खोटी आहे. सुट्टी लागली की मी आधी घरी येई. गोंदियाला गाडी बदलून वडशाला उतरे, गावोगाव नाटकांचे मांडव पडलेले असत, आणि त्या गर्दीत माझ्या पिशवीत विणलेले जाळे आहे हे कोणी पाहत नसे. घरी आठवडाभर राहून मी पुढे निघे. होय, मी हिंडलो, आणि मला त्यात सुख होते. शिक्षकाने सुट्टीत सुखी होऊ नये असा नियम अजून झालेला नाही.

पण मी राजवाडे पाहिले नाहीत. मी पाण्याकडे गेलो. ब्रह्मदेशातल्या एका सरोवरावर पहाटे होडीत बसलो होतो. धुक्यातून एकेक माणूस प्रकट होई, एका पायावर होडीच्या टोकाशी उभा, दुसरा पाय वल्ह्याला वेढलेला, आणि पुन्हा धुक्यात विरघळून जाई. त्यांचे बोलणे मला कळत नव्हते, पण जाळे पाण्यावर उघडल्याचा तो आवाज, कोणी हलकेच श्वास सोडावा तसा, तो मी आईच्या कडेवरून ऐकला होता. श्रीलंकेत एका प्राचीन तळ्याच्या पाळीवर जाऊन बसलो तर काय, तेच मातीचे बांध, खाली तशीच धानाची खाचरे, बगळेही तसेच कंटाळलेले. ऊन चढत गेले. पाळीवरून एक म्हातारा खांद्यावर जाळे घेऊन येत होता, आणि तो जवळ येऊन परका निघेपर्यंत मी त्याला भाऊच समजत होतो. तो हसला, मीही हसलो. कोणत्या देशात आहोत हे मला त्या दुपारी नीट सांगता आले नसते.

कंबोडियातल्या मोठ्या सरोवरावर, जिथे घरे उंच खांबांवर उभी असतात आणि पावसाळ्यात पाणी उंबऱ्याशी येते, तिथे एका कोळ्याने मला होडीत घेतले आणि जाळे हातात देऊन फेकून दाखव अशी खूण केली. त्याला वाटले असावे की हा चष्मेवाला पाण्यात पडेल आणि करमणूक होईल. मी जाळे डाव्या खांद्यावर घेतले तेव्हा तो घाईने माझ्या दुसऱ्या बाजूला सरकला, होडी डुलली, आणि जाळे गोल उघडून पाण्यावर पडले. त्याने काही तरी म्हटले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. सबंध जन्मात मला मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत ती थाप मी सर्वांत वर मांडतो.

हे सारे मी भावाला सांगत असे. तो ऐकत असे, सुपारी कातरत, अंगणात. तो गावाबाहेर फारसा गेला नव्हता. धानोऱ्याच्या जंगलापर्यंत, मोहफुलांच्या दिवसांत, तेवढेच. पहिले दाराचे जाळे मी त्याच्यापुढे पसरले तेव्हा त्याने ते हाताने चाचपले, आणि त्याचे बोट त्या जागी थांबले.

“बाबू, हे काऊन सोडलं? डोये लागले होते का?”

मी त्याला आंगेची गोष्ट सांगितली. वहिनी आतून म्हणाली, “अवो, बुजवून टाका ना. वैशाखात लोक हासन.”

“नाई बुजवाचं,” भाऊ म्हणाला. “त्या बुढीनं सांगतलं हाये तं राह्यलं.”

“लोकाले काय सांगान मंग?”

“लोकाले काय सांगाचं? पान्याले मालूम हाये.”

लोक हसलेच. वैशाखामागून वैशाख हसले. मी तिथे नव्हतो, वहिनीने सांगितले. भाऊ माझे जाळे टाके आणि ओढताना त्या दारातून एखादा मासा सुळकन निघून जाई, की पाळीवरून कोणी ओरडे, “भाऊ, तुमी बुढे झाले, आता विननं सोडा.” दुसरा म्हणे, “नाई गा, त्याईनं मासोईसाठी फाटक ठेवलं हाये.” भाऊही त्यांच्यात हसे. तळ्यावरचा सर्वांत चांगला विणकर म्हणून ज्याचे नाव होते, त्याने ही थट्टा माझ्यापायी अंगावर घेतली आणि कधी खुलासा केला नाही. त्यातूनच गावाची समजूत झाली की ते जाळे भावाच्याच हातचे, आणि वासुदेवरावांनी त्या समजुतीला डोळ्यांतले पाणी जोडले.

या वैशाखात मी पाळीवर गेलो. आता मी कायमचा परतलो आहे. पहिल्यांदाच माझे जाळे माझ्याच खांद्यावर होते. सकाळ कोवळी होती, पाणी स्थिर, आणि सगळे जुने चेहरे त्यांच्या बापांसारखे दिसत होते. सभापती तुळशीराम, मी परदेशी जाण्याआधी गावच्या शाळेत शिकवत असतानाचा माझाच विद्यार्थी, नावे पुकारत गेला. भावाच्या घराचे नाव आले. पुतण्या आपल्या हातचे जाळे घेऊन पाण्यात उतरला. पुढचे नाव माझे असायला हवे होते. तुळशीरामने शेजारच्या घराचे पुकारले.

मी त्याच्याजवळ गेलो. “माझे नाव राहिले.”

“मास्तर, राग नका मानू,” तो खाली बघत म्हणाला. “तुमचं नाव थोरल्या भाऊच्या हातावर चालू होतं, त्याईच्या मानाखातर कोनी बोललं नाई. वासुदेवरावनं लिवलंच हाये ना. भाऊ गेले, नाव गेलं.”

“हे जाळे माझ्या हातचे आहे.”

मागून कोणी म्हणाले, “मास्तर, तुमाले पेन्शन हाये. मासोईचा वाटा कायले पायजे तुमाले?”

“वाटा तू घे,” मी म्हणालो. “मला नाव पाहिजे.”

“हातचं हाये म्हनता, तं काई पुरावा?” तुळशीरामने विचारले. त्याच्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. मीच त्याला शिकवले होते की सिद्ध केल्यावाचून काही मानू नये. पण सगळी जाळी पाण्यात होती, ऊन चढत होते, आणि तिथे उभे राहून सिद्धता मांडण्यात मला अपमान वाटला. मी घरी आलो. माझे जाळे त्या दिवशी कोरडे राहिले.

ते आता वहिनीच्या पडवीत खुंटीवर आहे. येत्या वैशाखाआधी तुळशीरामने, वासुदेवरावांनी आणि ज्याला ज्याला हसायचे आहे त्याने यावे आणि ते उजेडात धरावे. वहिनी चहा देईल.

काय पाहायचे तेही सांगतो. लहानपणी मला विणायला भावाने शिकवले. वडिलांना वेळ नसे. तो माझ्यासमोर बसे, गुडघ्याला गुडघा लावून. त्याचा उजवा हात चाले तसा माझा डावा, आरशात पाहावे तसा. त्यामुळे त्याची गाठ ज्या अंगाला वळते, त्याच्या उलट अंगाला माझी वळते. गाठ उजव्या हाताची की डाव्या, हे तळ्यावरचे कोणीही बघताक्षणी सांगेल; पण इतकी वर्षे सगळे भोकाकडेच बघत राहिले. शिवाय जाळे दर वर्षी कुठे ना कुठे फाटतेच, मुळांना अडकते, खेकडे कातरतात. जिथे जिथे माझे जाळे फाटले तिथे तिथे भावाने ते सांधले, म्हणून त्यात जागोजागी त्याच्या उजव्या गाठी आहेत, माझ्या गाठींत मिसळलेल्या. ज्याला एवढे सांधता येत होते, त्याला एक मूठभर भोक बुजवायला कितीसा वेळ लागला असता?

त्या दाराच्या कडेने बोट फिरवून बघावे. तिथली एकूण एक गाठ डावी आहे.